डेव्हेंटर : नदीकाठचं एक जुनं गाव आणि भिंतीवर टांगलेली कढई

नदीकाठी

आई-बाबा दोन महिन्यांसाठी इकडे नेदरलँडला आले होते. ॲमस्टरडॅम झालं, पवनचक्क्या झाल्या, ट्युलिपचा मोसम संपला होता. तिसऱ्या आठवड्यात बाबा म्हणाले, "आता एखादं गाव दाखव, जिथे माणसं राहतात." आम्ही ॲपलडोर्नला राहतो. तिथून डेव्हेंटर रेल्वेने पाव तासावर. माझं जाणं-येणं असतं, पण मी ते गाव खरं पाहिलं बाबांमुळे. म्हणून हा धागा.

पश्चिमेकडून गाडीने येताना स्टेशनच्या आधी नदीवरचा पूल लागतो. खिडकीतून सगळं गाव एका ओळीत दिसतं. मध्ये एकच टॉवर असलेलं मोठं चर्च, बाजूला दोन टॉवरवालं, आणि दोघांच्या पायाशी नदीला चिकटून घरं. नदीचं नाव आयसल. ऱ्हाईन नदी आर्नेमजवळ फुटते, तिचा उत्तरेकडे निघालेला फाटा म्हणजे ही. पुढे काम्पेनजवळ ती आयसलमेरला मिळते. ते आता गोड्या पाण्याचं सरोवर आहे, पण १९३२ मध्ये समुद्राला बांध घालेपर्यंत तिथे समुद्राची खाडीच होती. म्हणजे डेव्हेंटर हे नदीचं बंदर आणि समुद्राचंही. एका बाजूला ऱ्हाईनमधून जर्मनी, दुसऱ्या बाजूला नॉर्वे, मध्ये हे गाव. मध्ययुगात ते हान्झा या व्यापारी शहरांच्या संघात होतं. वर्षाला पाच मोठे बाजार भरायचे आणि लांबलांबचे व्यापारी यायचे.

गावाचा मुख्य चौक म्हणजे ब्रिंक. नाव चौक, पण आकार लांबट, थोडा वाकडा, आपल्या पेठेसारखा. शनिवारी अजूनही तिथे बाजार भरतो. चौकाच्या एका टोकाला, अगदी मधोमध, एक इमारत एकटीच उभी आहे. बाबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, वाख. ('ग' लिहितात, 'ख' ऐकू येतो. डच घसा.) वाख म्हणजे काट्याचं घर. मालाचं वजन करायची सरकारी जागा.

इथे सांगायला हवं की बाबांनी बत्तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात तोलार म्हणून काढली. हळद आणि गूळ. ते जागच्या जागी थांबले.

"काटा कुणाचा?"

"गावाचा."

"व्यापाऱ्याचा नाही ना?"

"नाही. मोठा माल घरच्या काट्यावर तोलायला बंदी असायची. इथेच आणायचा, गावाच्या माणसाने तोलायचा, तोलाई गावाला भरायची."

"मग बरोबर आहे," म्हणाले आणि बाकावर बसून अर्धा तास इमारत पाहत राहिले. ती १५२८ मध्ये बांधायला घेतली. देशातलं सर्वांत जुनं वजनघर. आता आत शहराचं संग्रहालय आहे. विटांची, उंच छपराची, समोर दगडी जिना. पण लहान मुलं जिना बघत नाहीत. ती बघतात बाहेरच्या भिंतीवर टांगलेली तांब्याची भलीमोठी कढई.

ही कढई इमारतीपेक्षा जवळपास शंभर वर्षांनी जुनी आहे. १४३४ मध्ये बाटेनबर्गच्या टांकसाळीच्या एका प्रमुखाला खोटी नाणी पाडल्याबद्दल या कढईत जिवंत उकळलं. तिला भोकं आहेत. नेपोलियनच्या काळात फ्रेंच सैनिकांनी तिच्यावर नेम धरायचा सराव केला म्हणून, असं गावात सांगतात.

आई म्हणाली, "शी, हे कशाला टांगून ठेवलंय." बाबा म्हणाले, "काट्याच्या घरावर हेच टांगायला पाहिजे."

बाकी गावाबद्दल खाली हळूहळू लिहितो. माझा एकच मुद्दा. हे गाव इतकं सुंदर राहिलं, कारण ते चारशे वर्षांपूर्वी मागे पडलं. ज्या गावाला पैसा मिळत राहतो ते जुनं पाडून नवं बांधत राहतं. सहमत / असहमत?

खडूफळा

असहमत. पण आधी लेखाबद्दल धन्यवाद. बाबांना नमस्कार सांगा.

मी आधी इतिहास शिकवायचे, म्हणून थोडी भर घालते. डेव्हेंटरची सुरुवात व्यापाराने नाही, धर्मप्रसाराने झाली. लेबुइनुस नावाचा इंग्लंडहून आलेला धर्मप्रचारक. त्याने ७६८ च्या सुमारास इथे लाकडी चर्च उभारलं. नदीच्या पलीकडे फ्रँक, अलीकडे अजून ख्रिस्ती न झालेले सॅक्सन, म्हणजे अगदी हद्दीवर. सॅक्सन लोकांनी ते जाळलं. पुढे ८८२ मध्ये व्हायकिंग नदीतून वर आले आणि गाव जाळून गेले. यानंतर गावाने मातीचा तट घातला. त्या मानाने कढईचा किस्सा अगदीच अलीकडचा.

तुम्हाला गाडीतून दिसलेलं एका टॉवरचं चर्च म्हणजे या लेबुइनुसचं. आधी अकराव्या शतकात बिशप बेर्नोल्डने दगडी चर्च बांधलं, पुढे पंधराव्या शतकात तेच वाढवून आजचं केलं. टॉवर दोन ठरले होते, झाला एक. त्याच्या डोक्यावरचा आठकोनी मनोरा मात्र सतराव्या शतकातला, हेंड्रिक दे कैसर या ॲमस्टरडॅमच्या वास्तुकाराचा. दुसरा टॉवर का झाला नाही, याचं उत्तर तुमच्या मुद्द्यातच आहे, तेवढं कबूल करते.

असहमती कशाबद्दल, ते सवडीने लिहिते. कुकर झालाय.

वेंगुर्ल्याचो_झील

आमच्या वेंगुर्ल्याक डचांची वखार आसा. म्हणजे आता नुसते भिंती आणि झाडोरा. सतराव्या शतकातली, डच ईस्ट इंडिया कंपनीची. लहानपणी आम्ही तिथे चिंचा पाडायला जायचो. या डेव्हेंटरचे व्यापारीच आमच्याकडे आले होते का?

नदीकाठी

@वेंगुर्ल्याचो_झील, नाही, आणि गंमत तिथेच आहे. त्या कंपनीच्या सहा शाखा होत्या : ॲमस्टरडॅम, मिडेलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एंकहाउझन. सगळी पश्चिमेची, समुद्राजवळची गावं. आयसलकाठचं एकही नाही. १६०२ मध्ये कंपनी निघाली तेव्हा डेव्हेंटरचे दिवस फिरले होते. वेंगुर्ल्याची वखार उभी राहत होती तेव्हा इथल्या धक्क्यावर गवत उगवत असेल (ही माझी कल्पना, पुरावा मागू नये).

पाणीवाला_बाबू

नदीची बाजू कुणीच सांगत नाहीये म्हणून लिहितो. माझं काम जलसंपदा खात्यातलं होतं, त्यामुळे जिथे जाईन तिथे आधी पाणी बघतो.

व्यापार ॲमस्टरडॅमकडे गेला हे खरं, पण आयसल मागे पडली ती फक्त त्यामुळे नाही. ऱ्हाईन नेदरलँडमध्ये शिरली की तिचे फाटे होतात, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत वाल नावाचा दक्षिणेचा फाटा जास्तीत जास्त पाणी ओढायला लागला. उत्तरेकडच्या फाट्यांत गाळ साचला, उन्हाळ्यात पाणी उरेना. मोठी जहाजं वर येईनात. हे इतकं झालं की १६७२ मध्ये फ्रेंच सैन्य लोबिथजवळ ऱ्हाईनमधून घोड्यांवर पार आलं. नदी ही देशाची तटबंदी, आणि तिच्यात पाणीच नाही! त्याच वर्षी डेव्हेंटर फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या म्युन्स्टरच्या बिशपच्या सैन्याच्या हाती पडलं.

मग १७०७ मध्ये पानरडनचा कालवा सुरू झाला. त्याने उत्तरेकडे पुन्हा पाणी वळवलं. आजही ऱ्हाईनच्या पाण्याचा साधारण नववा हिस्सा आयसलला मिळतो. पाणी परत आलं, पण तोवर व्यापार दुसरीकडे स्थिरावला होता. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानात जायला लागलं की रस्ता दुरुस्त करून ते परत येत नाही.

आणि आता उलटा प्रश्न आहे, पाणी जास्त. १९९३ आणि १९९५ ला मोठे पूर आले. ९५ ला देशाच्या नदीपट्ट्यातून अडीच लाख माणसं हलवली. त्यानंतर त्यांनी ठरवलं की बांध उंच करत बसायचं नाही, नदीला जागा द्यायची. डेव्हेंटरसमोर पलीकडच्या काठाला पूरमैदान खोदून जोडप्रवाह काढलेत. काम २०१५ ला पुरं झालं. एरवी तिथे गायी चरतात आणि लोक कुत्री फिरवतात. पूर आला की तेच पाण्याचं पात्र.

मिसळ_कमी_तर्री

@पाणीवाला_बाबू, २०२३ च्या नाताळात आम्ही तिथे होतो. वेले नावाचा धक्क्याचा रस्ता पाण्याखाली, रस्त्यावरच्या पाट्यांची नुसती डोकी वर. आणि लोक काय करतात? कॉफीचे कप घेऊन बघायला येतात! कुणाच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नाही. मी कोल्हापूरची आहे, २०१९ पाहिलंय. मला ते बघवेना, मी नवऱ्याला म्हटलं स्टेशनवर चल.

सायकलवेडा

सगळे दगडविटांत अडकलेत. पुलाबद्दल कुणी बोलेना म्हणून आलो.

गावाच्या दक्षिणेला जो कमानीचा रस्त्याचा पूल आहे, विल्हेल्मिना पूल, तो तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी पाहिलाय. 'अ ब्रिज टू फार' या दुसऱ्या महायुद्धावरच्या सिनेमात आर्नेमचा पूल म्हणून जो दिसतो तो हाच. १९७६ ला शूटिंग झालं. खऱ्या आर्नेमच्या पुलाभोवती युद्धानंतर सगळी नवी बांधकामं झाली होती, ती १९४४ ची म्हणून खपली नसती. डेव्हेंटरचा पूल तसाच दिसायचा आणि भोवतीचं गाव जुनं. म्हणजे धागाकर्त्याचा 'मागे पडलं म्हणून टिकलं' मुद्दा इथेही लागू.

डेव्हेंटरचा मूळ पूल युद्धात उडवला गेला होता, आताचा नंतर पुन्हा बांधलेला. पूल पाडण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी बॉम्ब टाकले त्यातले काही गावावर पडले. गाव मोकळं झालं १० एप्रिल १९४५ ला, कॅनडाच्या सैन्याने केलं. त्याच दिवशी, सुटका काही तासांवर असताना, जर्मनांनी प्रतिकार करणाऱ्या काही जणांना गोळ्या घातल्या. हे वाचल्यापासून त्या पुलावरून सायकल नेताना सिनेमा आठवत नाही.

अक्षरगाडा

पुस्तकवाल्यांनो, इकडे लक्ष द्या. ऑगस्टचा पहिला रविवार. नदीकाठापासून ब्रिंकपर्यंत जुन्या पुस्तकांचे स्टॉल, आठशेहून जास्त, सगळे मिळून सहाएक किलोमीटर. युरोपातला सर्वांत मोठा पुस्तकबाजार म्हणवतात. मी तीनदा गेलोय आणि तिन्ही वेळा अर्ध्यातच खांदे गळाले. डच न येणाऱ्यांनी नकाशे आणि जुनी छापील चित्रं बघावीत. भाव करता येतो, पण आपल्यासारखा अर्ध्यावर येत नाही. दोन युरो सुटले तर जिंकलात.

हे उगाच इथे भरत नाही. चौदाव्या शतकात खेर्ट ख्रोटं (१३४०–१३८४) नावाचा इथलाच एक श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा सगळं सोडून साधेपणाने राहायला लागला आणि उपदेश करत फिरला. (आडनाव लिहिताना माझाच हात थबकला. डच उच्चार साधारण तसाच आहे, 'खोटं' वाचू नका, माणूस खरा होता.) प्लेगच्या रोग्याला भेटायला गेला आणि त्यातच वारला. त्याच्यामागे जी मंडळी एकत्र राहिली ती पोटासाठी हाताने पुस्तकं नकलून विकायची. नकललेली पुस्तकं, वर नावाजलेली लॅटिन शाळा, म्हणजे गिऱ्हाईक तयारच. १४७७ पासून रिचर्ड पाफ्राट इथे छापखाना चालवायला लागला आणि पंधराव्या शतकाच्या शेवटी हे गाव देशातल्या मुद्रणाच्या मुख्य केंद्रांपैकी एक होतं. शाळेची पुस्तकं मुख्यतः. तेव्हाही धंदा पाठ्यपुस्तकांतच होता!

त्या शाळेत इरॅस्मस शिकला. थोरला विद्वान, पण शाळेबद्दल फारसं चांगलं बोलला नाही. त्याची आई इथे प्लेगने गेली, म्हणून असेल.

काकूस_विचारा

@अक्षरगाडा, "खेर्ट ख्रोटं" वाचून सकाळचा चहा सांडला. खोटी नाणी पाडणारा कढईत, आणि जवळजवळ खोटं नावाचा संत!!

खाण्याचं कुणी लिहिलंच नाही. डेव्हेंटरचा कोक प्रसिद्ध आहे. मध आणि मसाले घातलेला, घट्ट, चिवट, वीटकरी रंगाचा केक. ब्रिंकवर बुसिंकचं दुकान आहे, १५९३ पासूनचं नाव लावतात. टिकाऊ म्हणून पूर्वी जहाजांवरून दूर जायचा. माझ्या सासूबाईंनी पहिला घास घेऊन "दशम्या बऱ्या" असा निकाल दिला, पण दुसऱ्या दिवशी लोणी लावून चहाबरोबर अख्खा संपवला. जाड कापायचा नाही, पातळ काप काढायचे. उपास-तापासवाल्यांनी पाकिटावरचे घटक वाचून घ्या.

खडूफळा

आले परत.

@नदीकाठी, 'मागे पडलं म्हणून टिकलं' हे अर्धंच खरं. मागे पडलेलं गाव टिकत नाही, सडतं. तुम्ही आई-बाबांना जिथे फिरवलंत असेल तो टेकाडावरचा भाग, दोन टॉवरच्या बर्गकेर्कभोवतीचा. चर्च सुमारे १२०० चं, संत निकोलसचं, म्हणजे खलाशी आणि व्यापाऱ्यांच्या रक्षणकर्त्याचं. त्या टेकाडाला बर्गक्वार्टीर म्हणतात. आज तिथल्या वाकड्या गल्ल्यांतून पर्यटक फोटो काढत फिरतात, नाताळच्या आधीच्या शनिवार-रविवारी डिकन्सच्या काळातले कपडे घालून शेकडो गावकरी तिथे नाटक वठवतात. पण विसाव्या शतकाच्या मध्याला तिथे काय होतं? गळकी छपरं, कुजलेल्या तुळया, भाडंही न परवडणारी कुटुंबं. तोडून रुंद रस्ते करावेत असा तेव्हा सगळ्या युरोपचाच सूर होता.

१९६८ मध्ये गावातल्या लोकांनी एक कंपनी काढली. तिने एकेक पडकं घर विकत घ्यायचं, दुरुस्त करायचं, भाड्याने द्यायचं आणि त्या पैशातून पुढचं घर घ्यायचं. संग्रहालय नाही केलं, माणसं राहायला आणली. गरिबीने घरं पाडली नाहीत हे खरं, पण उभी ठेवली ती या माणसांनी. आता माझं म्हणणं मांडून झालं, काठी तुमच्या हातात.

नदीकाठी

@खडूफळा, काठी परत तुमच्याकडे. मान्य. मी सुंदर घरं बघून 'टिकली' म्हणत होतो, पाडायची राहिली आणि सांभाळली यातला फरक लक्षात घेतला नव्हता.

एक मात्र सांगतो. त्याच टेकाडावरून उतरताना बाबा एका गल्लीत थांबले. दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील एवढी रुंदी. म्हणाले, "इथून पोती कशी न्यायचे?" मी म्हटलं, पाठीवर. "मग हमालाची मजुरी वेगळी." पुढचे दहा मिनिटं ते मनात नॉर्वेच्या सुक्या कॉडचा हिशोब करत होते. डेव्हेंटरचे व्यापारी बर्गेनहून तो मासा आणायचे. कडक सुकवलेला, लाकडासारखा. बाबांचं मत पडलं की सुक्या मालात वजनाची घट कमी, म्हणून तोलाराशी भांडण कमी.

मिसळ_कमी_तर्री

बाबांचा वेगळा धागा काढा. :)

रानफूल२२

कलेतलं थोडं. टेर बोर्ख हा चित्रकार (रेशमी झग्यांतल्या बायका रंगवणारा) आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षं डेव्हेंटरला होता. १६६७ मध्ये त्याने इथल्या नगरमंडळाचं चित्र काढलं, काळ्या झग्यांतले गंभीर पुरुष अर्धवर्तुळात बसलेत. ते चित्र आजही नगरभवनातच आहे. स्वेलिंक हा संगीतकार १५६२ ला इथे जन्मला. आणि तत्त्वज्ञ देकार्त काही काळ इथे होता, त्याची मुलगी फ्रान्सिन १६३५ ला इथेच जन्मली. ती पाच वर्षांची होऊन गेली. मोठ्या माणसाच्या चरित्रात दोन ओळी.

युद्धाचा विषय निघालाच आहे तर एटी हिलेसम, डायरी लिहिणारी ज्यू तरुणी. तिचे वडील इथल्या शाळेचे मुख्याध्यापक, ती शाळकरी वयात इथे आली. तिच्या डायऱ्या आज जगभर वाचतात. १९४३ मध्ये आउशवित्झच्या नाझी छळछावणीत गेली ती परत आली नाही.

नवं काही बघायचं असेल तर २०१६ ला उघडलेली नगरपालिकेची इमारत बघा. खिडक्यांच्या धातूच्या जाळ्या आहेत ना, त्या प्रत्येकीत एका गावकऱ्याच्या बोटाचा ठसा आहे, मोठा करून ओतलेला. दोन हजारांहून जास्त. पासपोर्ट काढायला जाता आणि समोर शेजाऱ्याचा अंगठा.

पाणीवाला_बाबू

@रानफूल२२, अंगठा म्हटल्यावर आमच्या खात्यातली मजुरांची हजेरीपत्रकं आठवली.

नवख्यांसाठी सूचना : गावातून गाव दिसत नाही. धक्क्यावरून छोटी होडी पलीकडे जाते, तिने जा. पलीकडे जुनी बाग आहे, थोडं पुढे १८६३ ची लाकूड कापायची पवनचक्की. नदीत ओंडके तरंगत यायचे ते ती फाडायची. त्या काठावर बसून संध्याकाळी गाव बघावं. सूर्य पाठीमागे असतो, उजेड सगळा विटांवर.

सायकलवेडा

अवांतर : गो अहेड ईगल्सला विसरलात. गावाचा फुटबॉल क्लब. २०२५ ला देशाचा कप जिंकला, पहिल्यांदाच. ब्रिंकवर त्या रात्री उभं राहायला जागा नव्हती. कढईजवळ कुणीतरी लाल-पिवळा मफलर फडकवत होतं.

वेंगुर्ल्याचो_झील

पुढच्या उन्हाळ्यात येतंय. वखारीतली चिंच घेऊन येईन, तुम्ही कोक द्या. पण आधी सांगा, @नदीकाठी, बाबा परत गेले का?

नदीकाठी

गेले, मागच्या गुरुवारी. जायच्या आदल्या दिवशी पुन्हा डेव्हेंटरला चला म्हणाले. संग्रहालयात नाही गेले, बाहेरच उभे राहिले आणि फोटो काढायला लावला, मागे कढई येईल असा. तो फोटो त्यांनी यार्डातल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. पहिला रिप्लाय आला तो एका अडत्याचा :

"कढई किती किलोची?"